कामावरून न सुटलेली माणसे

आपल्याकडच्या गोष्टींतली भुते बहुधा काहीतरी मागत असतात. सोडमुंजेआधी गेलेला मुंजा पिंपळावर बसून राहतो, बाळंतपणात दगावलेल्या बाईची हडळ होते, पुरलेल्या धनाभोवती समंध घुटमळतो. कुणाचे लग्न राहिलेले असते, कुणाचा सूड, कुणाचा ठेवा. वासना मागे उरली की जीव अडकला, असा या कथांचा जुना हिशेब आहे. वाफेच्या इंजिनांच्या काळात, विशेषतः एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, लोहमार्गांवर ज्या भुतांच्या कथा रुजल्या त्या मी वाचू लागले तेव्हा सर्वांत आधी लक्षात आले ते हे, की ही भुते कुणाकडे काहीच मागत नाहीत. ती कामावर असतात. कुणी हातातला कंदील हलवत गाडी थांबवू पाहतो, कुणी बोगद्यात घणाचे घाव घालतो, एखादी आख्खी गाडीच ठरल्या दिवसांत ठरल्या मार्गाने निघते. या कथा मी भीतीसाठी वाचत नाही. त्या काळी रेल्वेत नोकरी करणे म्हणजे नेमके काय होते हे त्या फार जवळून सांगतात, म्हणून वाचते.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध कथा नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या मॅको या लहानशा ठिकाणची आहे. विल्मिंग्टन बंदराच्या पश्चिमेला, दलदलीच्या आणि पाइन वृक्षांच्या सपाट मुलखातून जाणाऱ्या लोहमार्गावर हे स्थानक होते. कथा अशी सांगतात की १८६७ साली एका रात्री जो बाल्डविन नावाचा कंडक्टर, म्हणजे आपल्याकडचा गार्ड, गाडीच्या शेवटच्या डब्यात होता. डब्याचा वेग मंदावतो आहे असे त्याला जाणवले आणि त्याने पाहिले तर पुढची गाडी सुटून निघून गेली होती. त्याचा एकटा डबा रुळांवर मागे राहिला होता आणि मागून दुसरी गाडी येत होती. डब्यातून उडी टाकून जीव वाचवणे त्याला शक्य होते. तो मात्र डब्याच्या मागच्या उघड्या सज्जात गेला आणि जिवाच्या आकांताने कंदील हलवू लागला. मागच्या चालकाला तो दिसला, पण उशिरा. टकरीत बाल्डविनचे शिर धडावेगळे झाले. हातातला कंदील मात्र उडून बाजूला पडला, सरळ उभा राहिला आणि जळत राहिला. त्यानंतर त्या जागी, रुळांपासून दोन-तीन फूट उंचीवर, डोलत येणारा एक दिवा लोकांना दिसू लागला, आणि बाल्डविन आपले शिर शोधत फिरतो आहे असे सगळे म्हणू लागले.

शिर शोधण्याची भर मागाहून पडली असावी असे मला वाटते, कारण दिव्याचे जे वर्णन लोक करत आले आहेत ते वेगळेच काही सांगते. दिवा आडवा झुलतो. अमेरिकी रेल्वेच्या कंदिलाच्या खुणांत रुळांना आडवा झुलवलेला कंदील म्हणजे ‘थांबा’. वरखाली केलेला म्हणजे ‘चला’. गोल फिरवलेला म्हणजे ‘मागे घ्या’. ही बाराखडी रेल्वेत लागलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यातच घोकावी लागत असणार. तेव्हा ज्यांनी ही कथा प्रथम एकमेकांना सांगितली ते रेल्वेचे लोक असतील, तर त्यांना तो दिवा काय म्हणतो आहे हे वेगळे समजावून सांगण्याची गरजच नव्हती. बाल्डविन अजून गाडी थांबवतो आहे.

शेवटचा डबा असा सुटतोच कसा, हा प्रश्न आज पडेल, त्या काळी पडला नसता. तेव्हा डबे एकमेकांना जोडण्याची पद्धत अशी होती की एका डब्याच्या खोबणीत लोखंडी कडी ठेवायची, दुसरा डबा हळूहळू मागे येऊ द्यायचा, आणि दोन डबे भिडण्याच्या क्षणी त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाने कडी हाताने नेमकी धरून वरून खिळा सोडायचा. क्षणभर हात मागे घ्यायला उशीर झाला तर बोटे जात, कधी हात, कधी माणूस. ब्रेकमनच्या कामासाठी आलेल्या माणसाची दोन बोटे तुटलेली असली की तो अनुभवी आहे असे धरले जाई, असे तेव्हाचे लोक सांगत. हाच खिळा धक्क्याने उडाला किंवा मोडला की गाडीचे दोन तुकडे होत. गाडी थांबवणेही असेच हातावरचे काम होते. इंजिनाने शिटी दिली की ब्रेकमन डब्यांच्या टपांवरून धावत जाऊन एकेका डब्याचे ब्रेकचाक फिरवत, मग रात्र असो, पाऊस असो की टपावर बर्फ गोठलेले असो. ईलाय जॅनीने आपोआप जुळणाऱ्या जोडणीचे पेटंट १८७३ साली घेतले, जॉर्ज वेस्टिंगहाउसचा आपोआप लागणारा हवेचा ब्रेक १८७२ च्या सुमारास तयार होता; तरी या दोन्ही गोष्टी सक्तीच्या करणारा कायदा अमेरिकेत १८९३ साली झाला आणि पूर्ण अमलात यायला १९०० साल उजाडले. उपाय हाताशी असताना वीसहून अधिक वर्षे ही माणसे कड्या-खिळ्यांत मरत राहिली, कारण उपायाला पैसे पडत होते आणि माणसे मिळत होती. बाल्डविनची कथा याच वर्षांत पसरली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

तिचा एक जोडभागही आहे. १८८९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले ग्रोव्हर क्लीव्हलँड या मार्गाने जात असता त्यांनी एका ब्रेकमनच्या हातात दोन कंदील, एक लाल आणि एक हिरवा, पाहिले आणि कारण विचारले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की बाल्डविनच्या दिव्यामुळे चालकांची फसगत होऊ नये म्हणून इथे दोन दिव्यांनी इशारा देतात. आख्यायिकाच ती, पण किती कामाची आहे पाहा. भुताचा बंदोबस्त करायला मांत्रिक आला नाही. नियम बदलला.

माझे मामा दौंड-मनमाड मार्गावर मालगाडीचे गार्ड होते आणि त्या मार्गावर वाफेची इंजिने असतानाची त्यांची नोकरी आहे. त्यांची रॉकेलची हातबत्ती मी लहानपणी पुष्कळदा हाताळली आहे. मध्ये ज्योत, भोवती फिरणारे नळकांडे, त्यात लाल आणि हिरवी काच. वरची टोपी फिरवली की हवा तो रंग पुढे येई, आणि टोपी इतकी तापलेली असे की मामा फडके गुंडाळून ती फिरवत. काचेच्या कडेला काजळीची एक रेघ कायम असे, कितीही पुसली तरी. भुताखेतांवर मामांचा विश्वास नव्हता. पण गाडी दोन स्थानकांच्या मध्येच बंद पडली की गार्डाने काय करायचे असते ते ते सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदले. बत्ती लाल करायची, फटाके घ्यायचे आणि गाडी सोडून मागे चालू लागायचे. सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, आणि मग तिथेच उभे राहायचे. मागून येणाऱ्या गाडीचे चाक फटाक्यावरून गेले की स्फोटाच्या आवाजाने चालक सावध होतो. मी त्यांना विचारले होते की एकटे उभे असताना कशाची भीती वाटायची. ते म्हणाले, “अंधाराची नाही गं. बत्ती विझण्याची.” जो बाल्डविनची गोष्ट त्यांनी कधी ऐकलेली नव्हती.

त्या गोष्टीचा माग काढणाऱ्यांना १८६७ साली मेलेला जो बाल्डविन नावाचा कंडक्टर सापडलेला नाही. सापडला तो चार्ल्स बाल्डविन. तोही कंडक्टरच, त्याच मार्गावरचा. पण त्याचा मृत्यू जानेवारी १८५६ मधला. इंजिनात बिघाड झाला म्हणून ते गाडीपासून सोडवून पुढे नेले गेले, आणि परत येताना रात्रीच्या अंधारात थांबलेल्या गाडीवर येऊन आदळले. बाल्डविन जबर जखमी झाला आणि काही दिवसांनी वारला. शिर तुटले नाही, डबा निसटला नाही, मागून दुसरी गाडी आली नाही. म्हणजे लोकांनी त्याचे पहिले नाव बदलले, साल बदलले, मरण बदलले आणि कायम ठेवल्या त्या तीनच गोष्टी: आडनाव, हुद्दा आणि अंधारात न दिसलेली गाडी. मला यात खोटेपणा दिसत नाही. त्या मार्गावर आणि तसल्या शेकडो मार्गांवर नंतरच्या वर्षांत ज्या तऱ्हेने माणसे मेली त्या सगळ्या मरणांना एक माणूस हवा होता, आणि चार्ल्स बाल्डविन आधीच तिथे होता.

मॅकोचे रूळ १९७७ साली उखडले गेले आणि दिवाही दिसेनासा झाला. दिवा म्हणजे जवळच्या रस्त्यावरच्या मोटारींचा उजेड होता, दलदलीतला वायू होता, असे अनेक तर्क झाले. मिशिगन राज्यात पॉल्डिंग इथे अगदी अशीच, कंदील घेतलेल्या ब्रेकमनची कथा चिकटलेला दिवा आहे; तिथे मिशिगन टेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१० साली दुर्बीण लावून दाखवून दिले की दूरच्या महामार्गावरून येणाऱ्या गाड्यांचे ते दिवे आहेत. हे उलगडे मला पटतात आणि आवडतात. पण दिव्याचा उलगडा झाला तरी त्या दिव्यामागे लोकांनी राजपुत्र, चेटकीण किंवा दरोडेखोर न ठेवता ब्रेकमनच का ठेवला, हे दुर्बीण सांगत नाही. तिथल्या लोकांच्या घरातले पुरुष रात्री कंदील घेऊन रुळांवर जात आणि त्यांतले काही परत येत नसत, हे त्याचे उत्तर आहे.

दिव्याइतकेच भय रेल्वेवाल्यांना घड्याळाचे होते, आणि त्या भयाची कथा लिंकनच्या गाडीची आहे. अब्राहम लिंकनचे शव घेऊन निघालेली गाडी २१ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनहून सुटली आणि ३ मे रोजी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला पोहोचली. त्याच गाडीत त्याच्या आधीच गेलेल्या विली या मुलाची शवपेटीही होती. मार्गाच्या दोन्ही अंगांना रात्री-अपरात्री शेकोट्या पेटवून लोक उभे होते. २५ एप्रिलला ती हडसन नदीच्या काठाने न्यूयॉर्कहून ऑल्बनीकडे गेली. पुढे त्याच मार्गावर रात्री रुळांची पाहणी करत फिरणारे पहारेकरी सांगू लागले की दर वर्षी एप्रिलअखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास रुळांवरची हवा एकाएकी बोचरी होते, दोन्ही बाजूंना मात्र उबदार असते. तेव्हा पहारेकरी रुळांवरून उतरून बाजूला बसतो. मग काळे फरारे लावलेले इंजिन आवाज न करता येते, त्यामागच्या डब्यावर सांगाड्यांचे वाद्यवृंद बसलेले असते, चंद्रावर ढग येतात, आणि त्याच वेळी खरी गाडी जात असेल तर तिचाही आवाज बुडून जातो. सगळे निघून गेल्यावर घड्याळे पाहावीत तर ती पाच ते आठ मिनिटे मागे पडलेली असतात.

सांगाड्यांचे वाद्यवृंद कुणीही कल्पू शकेल. घड्याळाची मिनिटे मात्र रेल्वेवाल्यालाच सुचतील. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांनी कुठल्या स्थानकावर एकमेकींना वाट द्यायची हे वेळापत्रकावर ठरे, आणि वेळापत्रक चालकाच्या व कंडक्टरच्या खिशातल्या घड्याळावर उभे असे. ओहायो राज्यातल्या किप्टन इथे १८ एप्रिल १८९१ रोजी टपालगाडी आणि उतारूंची गाडी समोरासमोर आदळल्या; एका चालकाचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे त्याचे कारण सांगितले गेले. त्यानंतरच वेब बॉल या घड्याळजीला नेमून रेल्वे कर्मचाऱ्यांची घड्याळे नियमाने तपासण्याची पद्धत बसली. ज्याच्या खिशात असे घड्याळ असे त्याला पाच ते आठ मिनिटांचा हिशेब ऐकून काय वाटत असेल याचा विचार केला की ती मूक गाडी मला अधिक खरी वाटते. एका माणसाच्या मृत्यूने देशाची वेळ चुकली, हे दुःख त्या पहारेकऱ्यांनी आपल्या कामाच्या भाषेत सांगितले आहे.

बोगद्यांच्या कथा याहून जड आहेत. मॅसॅच्युसेट्समधला हूसॅक बोगदा पावणेपाच मैलांचा. तो खोदायला १८५१ ते १८७५ अशी चोवीस वर्षे लागली आणि सुमारे दोनशे माणसे गेली. ऑक्टोबर १८६७ मध्ये, बोगद्यासाठी डोंगरावरून खाली खणत नेलेल्या मधल्या विहिरीच्या तोंडावरच्या इमारतीत दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या तेलाच्या वाफेने पेट घेतला. वरची सगळी यंत्रसामग्री जळून विहिरीत कोसळली आणि तळाशी काम करणारे १३ जण तिथेच राहिले. पंप बंद पडल्याने विहीर पाण्याने भरत गेली. प्रेते काढायला वर्ष लागले, आणि तेव्हा कळले की त्यांतल्या काहींनी वाढत्या पाण्यावर तरंगण्यासाठी तराफा बांधला होता. त्या वर्षभरात विहिरीच्या परिसरात अवजारे घेतलेल्या धूसर आकृत्या दिसत, विव्हळणे ऐकू येई, आणि प्रेतांचे दफन झाल्यावर ते थांबले, असे लोककथा सांगते. या बोगद्याविषयी पुढे छापलेल्या पुष्कळशा भूतकथा मला रचलेल्या वाटतात. ही मात्र नाही.

वेस्ट व्हर्जिनियात टाल्कट गावापाशी बिग बेंड नावाचा एक मैलाहून लांब बोगदा आहे, १८७० ते १८७२ या काळात खोदलेला. खडक तांबडा, ठिसूळ. छत कोसळून किती मजूर मेले याची नोंद कुणी नीट ठेवली नाही, कारण बहुतेक मजूर नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय होते. सुरुंगासाठी खडकात भोके पाडणारा, लोकगीतांतून गाजलेला जॉन हेन्री इथला. एक जण पोलादी पहार खडकावर धरी आणि प्रत्येक घावानंतर ती किंचित फिरवी, दुसरा तिच्यावर घण घाली. दोघांचा मेळ गाण्याच्या ठेक्यावर बसे, कारण ठेका चुकला तर घण पहार धरणाऱ्याच्या हातावर पडे. वाफेचे छिद्रयंत्र आणले गेले तेव्हा जॉन हेन्रीने त्याच्याशी पैज लावली, जिंकली, आणि घण हातात असतानाच तो मेला, ही कथा अमेरिकेत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की त्यानंतर त्या बोगद्यात काम करायला मजूर कचरत, कारण आत जॉन हेन्रीचा घण ऐकू येतो असे ते म्हणत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचा तो आवाज, असे त्यांना समजावले जाई. स्कॉट नेल्सन या इतिहासकाराने २००६ साली असे मांडले की खरा जॉन हेन्री व्हर्जिनियाच्या तुरुंगातून भाड्याने दिलेला कैदी होता, पैज लुइस बोगद्यात झाली आणि तो खडकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन मेला. यावर विद्वानांचा वाद आहे. मला भावते ते हे, की ज्याच्या नावाचा एक धड कागद सापडत नाही त्याला त्याच्याबरोबरच्या माणसांनी दीडशे वर्षे घण खाली ठेवू दिला नाही.

इथे मला आपला बोरघाट आठवल्यावाचून राहत नाही, कारण काम तेच होते आणि काळही जवळपास तोच. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याने आखलेल्या या मार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली संपले. सुमारे २५ किलोमीटर लांबी, १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. सह्याद्रीचा काळा कातळ बिग बेंडसारखा ठिसूळ नव्हता. तो हातानेच पहारींनी भोके पाडून, सुरुंगाची दारू ठासून फोडला, आणि उभ्या कड्यांवर माणसे दोरांनी खाली सोडली. जानेवारी १८६१ मध्ये घाटात ४२,००० मजूर होते. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला; त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन दोन अभियंत्यांच्या हातून काम पुरे करवले. १८५९-६० च्या पटकीच्या साथीत मजूर हजारोंनी मेले.

ट्रेडवेल कुठल्या साली आला आणि गेला हे मला सांगता येते. त्या हजारोंपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही. आणि खंडाळ्याच्या घाटाच्या ज्या भूतकथा मी ऐकत वाढले त्यांत पांढऱ्या साडीतली बाई आहे, मध्यरात्री लिफ्ट मागणारा प्रवासी आहे, पण पहार घेतलेला मजूर नाही. याचे मला फार दिवस वाईट वाटत आले आहे. मात्र कामाची रीत पाहिली की थोडा उलगडा होतो. पावसाळ्यात घाटातले काम जवळजवळ थांबे आणि मजूर आपापल्या गावी शेतीवर परत जात. साथ आली की टोळ्याच्या टोळ्या घाट सोडून निघत. टाल्कटला बोगदा खोदणारे आणि पुढे रूळ टाकणारे व दुरुस्त करणारे यांच्यातला गाण्याचा धागा तुटला नाही, म्हणून जॉन हेन्री बोगद्यातच राहिला. बोरघाटात मेलेल्याची गोष्ट सांगणारे लोक घाटात थांबलेच नाहीत. तेव्हा ती शोधायची तर बोगद्यांच्या तोंडाशी नव्हे, देशावरच्या आणि कोकणातल्या ज्या गावांतून माणसे या कामावर गेली तिथे शोधायला हवी. ज्याच्या मृत्यूची तिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. कामाला म्हणून गेलेला आणि न परतलेला एखादा पणजोबा अशा घरांत अजून त्या दिवशी पान घेत असेल. त्या बाजूच्या गावांत जाणे झाले की मी म्हाताऱ्या माणसांना आता हेच विचारते, की तुमच्या घरातून पूर्वी कुणी घाटाच्या कामावर गेले होते का, आणि त्यांच्याविषयी घरात काय सांगतात.